तार पुरेल तेवढ्या अंतरावर

२८ डिसेंबर १९९७

आज सरपंच झाले. सातपैकी पाच सदस्यांनी माझ्यासाठी हात वर केला. अधिकाऱ्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं ते मला ऐकू आलं नाही. सासरे अप्पाराव, म्हणजे आमचे मामाजी, यांनी मागच्या बाकावरून मोठ्याने सांगितलं, "नाव सांग म्हणतात सायेब," तेव्हा सांगितलं.

या घरात आम्ही सुना तिघी. थोरल्या जाऊबाई शेतावर वीस बायकांना एका आवाजात कामाला लावतात. मधल्या जाऊबाईंच्या माहेरी दोन पिढ्या पुढारपण आहे. तरीही जागा महिलेसाठी राखीव झाल्यावर मामाजींनी धाकटीचं, माझं नाव पुढे केलं. म्हणाले, "या टायमाला शिकलेली पाह्यजे. तू काई फिकर करू नको. तुला ऐकू न्हाई आलं तर म्या बाजूला हायच."

परतूरच्या कॉलेजात पहिल्या बाकावर बसून मी बी.ए. झाले. आमच्या माहेरी माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पण सासरी त्या पदवीची कदर होईल असं वाटलं नव्हतं. अप्पारावांसारखा जुना माणूस एवढा पुढारलेला विचार करतो, हे लिहून ठेवलं पाहिजे.

पाच वर्षं आहेत. पहिला नियम ठरवला: सभेत प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं.

११ जानेवारी १९९८

थोरल्या जाऊबाईंबरोबर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजाराला गेले. मुद्दाम मशीन लावून गेले. आता लोकांत वावरायचं तर सवय हवी.

मशीन म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. जालन्याच्या शिबिरात तीन वर्षांपूर्वी मिळाली. आवाज टिपते ती हीच डबी. ती पोलक्याला आत अडकवायची, तिच्यातून हातभर तार निघते आणि तारेच्या टोकाची गुंडी उजव्या कानात बसते. डाव्या कानाचा लहानपणापासून उपयोग नाही. दोन पेन्सिल सेल लागतात. आवाजाचं एक चाक आहे, एक ते चार आकड्यांचं.

घरात एक माणूस समोर बसून बोलत असेल तर दोनवर सगळं कळतं. बाजारात मात्र नुसता गदारोळ. जीपचा हॉर्न, कॅसेटवाल्याचा कर्णा, मिरच्या ओतण्याचा आवाज, जाऊबाई, सगळे एकाच मापाचे आणि एकाच ठिकाणाहून, छातीतून येतात. चांगला कान आपल्याला हवं ते निवडून घेतो आणि बाकीचं मागे सारतो. मशीनला ते येत नाही, ते सगळ्यांना सारखा मान देतं. त्यात पदर डबीवर घासला की कुणीतरी पत्रे ओढतंय असं वाटतं. भाजीच्या ओळीपर्यंत पोचता पोचता कपाळ ठणकायला लागलं. चाक फिरवून बंद केलं.

मग नेहमीची युक्ती. लोकांच्या तोंडाकडे बघायचं, आणि नाही कळलं तर मान हलवायची. मान हलवली की समोरचा खूश होतो आणि आपल्याला चारदा "काय?" म्हणावं लागत नाही. कॉलेजात तीन वर्षं मी अशीच काढली. आज एका म्हातारीपाशी मान हलवली आणि तिने माझ्या पिशवीत दोन किलो कारली ओतली.

"आगं तारा, कारल्याला घरात कोन तोंड लावतंय?" जाऊबाई माझ्या कानाशी ओरडल्या. "का पंचायतीत वाटून राह्यलीस?"

चार दिवस कारली खावी लागणार.

२६ जानेवारी

पहिली ग्रामसभा झाली. थोडं वाईट वाटलं, पण एकंदर समाधान आहे.

सकाळी झेंडावंदनाला जाताना मशीन लावलं तर बंद. सेल मागच्याच आठवड्यात टाकले होते. थंडीने उतरले असतील. गावात पेन्सिल सेल मिळाले नाहीत. मामाजी मोठ्याने म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चार माणसांत ती तार लोंबती ते बराबर न्हाई दिसत. म्या सांगतो तुला समदं."

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. टेबलामागे दोन खुर्च्या होत्या, एक ग्रामसेवक दीनानाथरावांची, एक सरपंचाची. मामाजींसमोर मी खुर्चीवर कशी बसणार? मीच त्यांना बसायला सांगितलं आणि बाजूला सतरंजीवर, दाराशी, डोक्यावरून पदर पुढे ओढून बसले. मोठ्यांसमोर आमच्यात असंच बसतात. कोणाला गैर वाटलं नाही.

विषय एकच महत्त्वाचा होता. गावाला एक हातपंप मंजूर आहे, तो कुठे घ्यायचा? बराच गलबला झाला. मामाजी मधून मधून माझ्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने सांगत होते, "म्हनून राह्यले, पाराच्या मागं बराबर हाय." बायकांच्या बाजूने एक उंच बाई उभी राहून पुष्कळ वेळ बोलली. नाल्यापलीकडच्या वस्तीवरची असावी. ती थेट माझ्याकडे बघत होती. लांब असल्याने तोंड नीट दिसलं नाही. मी मान हलवली. तिलाही बरं वाटलं असावं, कारण ती लगेच खाली बसली आणि शेजारणीला कोपर मारून हसली.

ठराव झाला: हातपंप मारुतीच्या पारामागे घ्यावा. एकमताने मंजूर. मी सही केली. मराठीत, पूर्ण नावाने.

संध्याकाळी मामाजी त्यांचा छोटा टॉर्च घेऊन गोठ्यात गेले. झकास उजेड पडत होता. कोणत्या कंपनीचे सेल घालतात ते विचारलं पाहिजे, माझे टिकत नाहीत.

१४ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दळण घेऊन गिरणीत गेले होते. गिरणीत जाताना मी मशीन घरीच ठेवते, पीठ शिरतं. आणि तिथे ते लागतही नाही. पट्ट्याच्या आणि जात्याच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळ्या बायका तोंडं मोठी करून, हात नाचवून बोलतात. अख्ख्या गावात ही एकच जागा आहे जिथे मी कोणाच्या मागे नसते. उलट बायका मलाच विचारतात, ती पलीकडची काय म्हणाली?

ती उंच बाई तिथे होती. गोजरबाई तिचं नाव. मला बघून ती डबा खाली ठेवून थेट समोर आली, हातभर अंतरावर. एकेक अक्षर तिच्या ओठांवर दिसत होतं.

"सरपंचीनबाई, एक इचारू? त्या दिशी म्या तीनदा सांगितलं का नाल्यापल्याड पंप द्या. आमच्या बाया खदानीतून पानी आनत्यात, लक्षुमी घसरून पडली, तिचा पाय आजून सरळ न्हाई. तुम्ही माझ्याकडं बघून मान हलिवली. म्या बायांना म्हन्लं, पाहा, शिकलेली हाय, समजून घेती. आन् तुम्ही सही केली पाराची. मंग मान कामून हलिवली?"

ती पुढे म्हणाली, "न्हाई म्हनायचं व्हतं तर न्हाई म्हनायचं. आमाला सवय हाय त्याची. पर मान कामून हलिवली?"

मला कुणाचं बोलणं इतकं स्पष्ट कधीच कळलं नव्हतं. एकही शब्द चुकला असेल असं म्हणायची सोय नव्हती.

मी म्हणाले, "मला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं."

ती म्हणाली, "मंग तसं सांगायचं व्हतं. त्यात काय लाज हाय?"

दळण घरी आणलं. पिठात हात घालून बसले, भाकरी थापवेना.

१५ मार्च

मामाजींना सरळ विचारायची रीत नाही, म्हणून सासूबाईंमार्फत, म्हणजे आत्याबाईंमार्फत, विचारलं की वस्तीच्या बायका काय म्हणाल्या ते मला का सांगितलं नाही. उत्तर आलं: गलबल्यात राहून गेलं.

शक्य आहे. त्यांचंही वय झालं आहे. पार आमच्या गोठ्याला लागून आहे, हे काल माझ्या मनात येऊन गेलं, पण तो योगायोग आहे. वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं मनात आलं याचीच लाज वाटली.

चूक माझी आहे. मान मी हलवली, दुसऱ्या कोणी नाही. बहिऱ्या माणसाने लोकांचं ऐकायचं पद घ्यावं का? राजीनाम्याचा मजकूर मनात तयार केला. तीन ओळींचा होतो.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. झुंबरबाई नाव त्यांचं, पण बोलण्यात झुंबरासारखं नाजूक काही नाही. मला मशीन लावायला सांगून मोठ्याने म्हणाल्या, "रडून काय ऱ्हायलीस? त्या कागदावाल्याला इचार का, एकदा लिवलेलं खोडता येतं का न्हाई."

१७ मार्च

दीनानाथरावांना भेटले. जालन्याचे आहेत, आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर येतात. आधी त्यांनी दाराबाहेर पाहिलं, मग दार लोटून घेतलं. वाऱ्याने कागद उडतात म्हणून असेल.

म्हणाले, "मॅडम, ग्रामसभेने केलेला ठराव ग्रामसभाच बदलू शकते. एक मेला सभा आहे. विषयपत्रिकेवर विषय घ्यावा लागेल. आणि त्यावर सही फक्त सरपंचाची लागते." मग पुन्हा म्हणाले, "फक्त सरपंचाची. दुसऱ्या कोणालाही विचारावं लागत नाही."

एकच गोष्ट दोनदा सांगितली. माझ्या कानाची काळजी घेतात.

सही केली.

१९ एप्रिल

नोटीस लागल्यापासून घरात कोणी फारसं बोलत नाही. मशीनचं मात्र बरं चाललंय, शांत असल्यामुळे.

आज सेल आणले, चार. आत्याबाईंनी ते माझ्या हातातून घेऊन तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली खुपसले. म्हणाल्या, "हितं ऱ्हाऊ दे. हितं टिकत्यात." मी विचारलं, कसे काय? तर म्हणाल्या, "डाळीत कोन्ता बाप्या हात घालतो?" यामागचं शास्त्रीय कारण कळलं नाही. डाळ कोरडी असते, ओल शोषत असावी.

पदराचाही विचार केला. माझी पॉलिस्टरची साडी डबीवर फार खरखरते. आत्याबाईंनी त्यांचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं काढून दिलं. ते नेसून, डबी आत ठेवून, आम्ही परसात सराव केला. त्या गोठ्याजवळून ओरडायच्या, मी काय ऐकलं ते सांगायचं.

"भवाने, कारली कोनी आनली?"

हे आलं.

"आन् खाल्ली कोनी?"

हेही आलं. पण एकटं माणूस बोलतं तेव्हा येतं. शंभर बोलले तर लुगडं कितीही मऊ असलं तरी काय उपयोग? आत्याबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग शंभर कामून बोलू देतीस?"

सभेत सगळे बोलणारच. सगळ्यांचं ऐकायचं म्हणूनच तर सभा असते. आत्याबाईंना ग्रामसभेची कल्पना नाही.

१ मे १९९८

सकाळी आठ. डाळीतले सेल घातले. मशीन चालू. लुगडं नेसले.

पुढचं दुपारनंतर लिहिते आहे.

व्हरांडा भरून माणसं सतरंज्यांच्या बाहेर उन्हापर्यंत गेली होती. वस्तीवरच्या बायका एवढ्या कधीच आल्या नव्हत्या. वर लग्नसराई. समोरच्या वाटेने वाजंत्री चाललेली. मामाजी सरपंचाच्या खुर्चीवर बसलेच होते. मी सतरंजीवर बसले आणि विषय वाचला. त्याबरोबर सगळे एकदम उठले.

मशीन दोनवर होतं. तीन केलं. चार केलं. गिरणीच्या जात्यात डोकं घातल्यासारखं झालं. कोणाचं तोंड बघू? तीस तोंडं उघडी होती. मामाजी वाकून काहीतरी सांगू लागले आणि माझी मान आपोआप हलायला लागली. ती मी हाताने धरली. खरोखर, हनुवटीला हात लावून धरली.

मग उभी राहिले. म्हणाले, "थांबा. मला ऐकू येत नाही."

माझ्या आवाजाचा मला अंदाज येत नाही, बहुतेक फार मोठा निघाला. सगळे थांबले.

म्हणाले, "मला कमी ऐकू येतं. हे मशीन आहे. गलबल्यात ते चालत नाही. मागच्या सभेत मला काहीच ऐकू आलं नव्हतं आणि मी मान हलवली. ती माझी चूक. आज ज्याला बोलायचं त्याने पुढे यायचं, माझ्यासमोर बसायचं आणि एकट्याने बोलायचं. जो इथे बसून बोलेल त्याचं नाव आणि कारण लिहून घेतलं जाईल. मागून ओरडलेलं लिहिलं जाणार नाही."

शाळेतलं स्टूल आणवलं. बसायला मला खुर्ची लागणार होती, टेबलाशी. मामाजींना म्हणाले, "मामाजी, खुर्ची लागते." ते उठले. मग लुगड्यातून डबी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. तार हातभरच आहे, त्यामुळे बोलणाऱ्याला तेवढं जवळ यावंच लागतं. उजव्या बाजूचा पदर तारेत अडकत होता. तो कानामागे सारला. थोडा खांद्यावर आला. तसाच राहू दिला, कारण डोळ्यांसमोर एक तोंड आणि कानात एक आवाज ठेवायचा, एवढंच मनात होतं.

कचरू नेहमी मागे भिंतीला टेकून सगळ्यात मोठ्याने बोलतो. आज तो म्हणाला (मला दीनानाथरावांनी लिहून दाखवलं), "च्यायला, दाखवायचा कारेक्रम हाय का? नवरीवानी स्टुलावर बसवून राह्यली!" सगळे हसले. मी त्याला हाताने बोलावलं. तो आला नाही. त्याच्याबरोबरचे चौघंही आले नाहीत.

गोजरबाई आली. नमस्कार केला, बसली आणि डबीकडे बोट करून विचारलं, "हिच्यात बोलू का तुमच्याकडं बघून बोलू?"

"माझ्याकडे बघून."

मग तिने सांगितलं. खदान, लक्षुमीचा पाय, उन्हाळ्यात किती खेपा. मी विचारलं, पंपाचा उपयोग कोणाकोणाला? तिने बावीस घरांची नावं सांगितली, दीनानाथरावांनी लिहिली. तिच्यामागून अकरा बायका आल्या. एकीने तर स्टुलावर बसून फक्त आपलं नाव सांगितलं आणि उठली. तेही लिहिलं. पुरुष आले सहा. काहींनी पाराच्या बाजूनेही सांगितलं. देवळात येणाऱ्यांना पाणी होईल, हे कारण मला पटण्यासारखं वाटलं, तेही लिहिलं. प्रत्येकाला मी तेच दोन प्रश्न विचारले: कारण काय, आणि उपयोग कोणाकोणाला.

शेवटी मामाजी आले.

स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. लग्नाला दोन वर्षं होतील, मी त्यांचा चेहरा समोरून कधी पाहिला नव्हता. आमच्यात सून बघत नाही, सासरा दाखवत नाही. त्यांच्या खालच्या ओठाखाली एक पांढरा डाग आहे. ते खाली बघून बोलले. मिशा मोठ्या, ओठ दिसेनात.

मी म्हणाले, "मामाजी, वर बघून बोला. दिसत नाही."

वाजंत्रीसुद्धा थांबली असं मला वाटलं, पण ती पुढे निघून गेली असणार.

ते वर बघून म्हणाले, "मागं ठरलं तेच ठिवा."

"कारण काय लिहू?"

"पाराजवळ... समद्यांना सोयीचं."

"समद्यांना म्हणजे कोणाकोणाला? नावं लिहितायत."

त्यांनी दीनानाथरावांच्या पेनाकडे पाहिलं, मग बायकांकडे पाहिलं. मी तोंडाकडे बघत राहिले, एखादा शब्द निसटू नये म्हणून. "लिवा काय लिवायचं ते," म्हणाले आणि उठून गेले. मशीनसमोर बोलायची सवय नाही, अवघडले असावेत. मी लिहायला सांगितलं: अप्पाराव, पाराजवळ, नावं दिली नाहीत.

मग हात वर करायला लावले. हात मोजायला कान लागत नाहीत, मी स्वतः मोजले. वस्तीसाठी त्रेसष्ट, पारासाठी एकोणीस. जुना ठराव रद्द. हातपंप नाल्यापलीकडे.

आत्याबाईंनी हात कोणत्या बाजूने वर केला ते मला दिसलं. ते वहीत लिहीत नाही.

२ मे

मामाजी जेवले. बोलले नाहीत. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "काल डोकं उघडं पडलं व्हतं तुझं, ठावं हाय का?" ठाऊक होतं, तिथे असताना नाही, घरी आल्यावर. पुढच्या सभेला पदर पिनेने डाव्या बाजूला लावून पाहीन, म्हणजे उजवा कान मोकळा राहील आणि डोकंही झाकलेलं राहील.

३ मे

जालन्याहून हे आले. बियाण्याच्या कंपनीत आहेत, सुट्टीला येतात. आल्या आल्या म्हणाले, सामान बांध, जालन्यात खोली बघितली आहे. दोन वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते. आजपर्यंत दर वेळी घरच्यांनी 'शेतात हात कमी पडतात' म्हणून थांबवलं.

विचारलं, अचानक कसं?

म्हणाले, "बाबांनी परवा कंपनीत फोन केल्ता. म्हने, तिला घेऊन जा, हितल्या गलबल्यात तिच्या कानाला तरास होतो. खोली शांत पाहा."

परवा म्हणजे एक तारखेला. सभेच्या एवढ्या दगदगीतही मामाजींना माझ्या कानांची आठवण राहिली. मी तसं म्हणाले. हे समोर येऊन, नीट तोंड दिसेल असं बसले.

"तारा, बाबा कामून म्हनून राह्यले ते तुला कळतंय का?"

एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. मशीन दोनवर होतं.

"कळतंय," मी म्हणाले.

"मंग येतीस?"

मंगळवारी बोअरची गाडी येणार आहे. जागा दाखवायला आणि कागदावर सही करायला सरपंच हजर लागतो. पंधराला मासिक सभा. त्यानंतर शाळेच्या पत्र्यांचा विषय आहे, त्यावर कचरूला बोलायचं आहे म्हणे, आणि स्टुलावर बसायची त्याची तयारी झाली आहे.

यांना पिशवीत भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. मी म्हणाले, खोली चांगली असेल तर सोडू नका. मी येईन, साडेचार वर्षांनी.